कायरा कुणाच्या घरची?

अध्यक्ष मारिप ला-ओंग, त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी, सरहद्दीपलीकडून डोंगर उतरून आलेली लाहतो घराण्याची मंडळी, विणकाम शाळेच्या मुली आणि जमलेले सर्व मिचीनाकर,

मला भाषणांची हौस नाही. हे लिहून आणावं लागलं, कारण काल शाळेच्या समितीनं बजावलं, "रोईबाई, कायराच्या निरोपात विणकामाचं बोला. ती कुणाच्या घरची, ते काढू नका." ते काढल्याशिवाय तिचं लग्न होत नाही. म्हणून काढते.

कायरा आसामच्या बाजूनं आली तेव्हा इरावदीवर धुकं होतं. जणू नदीनंच तिला विणून काठावर ठेवलं. आपण रीतीप्रमाणे आधी घराणं विचारलं. त्याशिवाय माणसाला हाक काय मारणार? तिनं सांगितलेलं नाव इथं कुणाच्या कानावर आलेलं नव्हतं. बिननात्याची बाई चुलीपाशी बसणार कुठं? माझ्या आईनं तिला आमच्या लाहपाय घराण्यात घेतलं. ती माझी धाकटी बहीण झाली.

मग चीनच्या बाजूनं सूत घेऊन तू-रिंग आला. तिच्या मागापाशी थबकला. "ही नक्षी माझ्या आजीची. तुला कुणी दिली?"

"माझ्या आजीनं."

"दोघी भेटल्या होत्या की काय?"

"त्या नसतील. कापडं भेटली असतील."

तीन देशांच्या नकाशांत आपण कडेला पुसट छापलेली माणसं. पण दुपारी मागांचा आवाज ऐकताना मला वाटतं, डोंगर झोपलेत आणि त्यांच्या पोटाखालून एकच धागा सरकतो आहे.

असो. तू-रिंग लाहतो. त्यांच्या मुली आम्हा लाहपायांच्या सुना होतात; आमची मुलगी उलट त्यांच्याकडे जात नाही. पाणी डोंगर चढत नाही. दोघांच्या लग्नाची गोष्ट तिथंच थांबली.

गेल्या महिन्यात अध्यक्षांच्या घरी जेवताना कायराच्या चुलत्यानं तिकडून फोनवर पूर्वजांची नावं म्हणून दाखवली. नावामागून नाव, ओढ्यासारखं वाहत आलं. एका नावाशी अध्यक्षांच्या पत्नींचा पळा हवेतच राहिला.

"अहो, हा तुमच्या पणजोबांचा भाऊ. मिठासाठी पश्चिमेला गेलेला."

"गेला तो गेला."

"गेला कसला. तिकडं नांदला. आणि त्याची पणती इथं तुमच्या हंडीतला भात खातेय."

म्हणजे कायरा मारिप. मारिपांची मुलगी लाहतोंना देता येते. मग अडलं कुठं? अध्यक्षांना वाटतं, परत मागितली तर लाहपायांचा अपमान. आम्हाला वाटतं, आपण होऊन परत दिली तर कायरा म्हणेल, नकोशी झाले. सभ्यपणापायी मुलगी उंबऱ्यावर उभी.

कायरा, नकोशी झालीस म्हणून नाही. उद्या तू आमच्या सुनांच्या माहेरची होशील, त्या माहेरचा मान मोठा, मला तुझ्यापुढं वाकावं लागेल. ते मला जड जाणार आहे. तरीही.

अध्यक्षमहाराज, मी देते आहे. घेता?

हे कागदावर नाही, पण सांगते: त्यांनी मान हलवली. मुलीबरोबर द्यायचा भालाही दाराआड आणून ठेवलाय, येताना पाहिला मी.

आपण शांतपणे ऐकलंत, उपकार आहेत. समितीचा शब्द मोडला, तो दोष माझ्या पदरात घाला. बोलण्यात कुणाचं पद, वय, नातं चुकलं असेल तर माफी असावी. शेवटी नोंद:

मारिपांकडून लाहतोंना: भाला, बियांची टोपली, मुलगी कायरा.

त्याआधी, लाहपायांकडून मारिपांना: माझी धाकटी बहीण.