सालीसकट संत्री

“नाक दाबा आणि एका दमात प्या, पण तोंड वाकडं करू नका — पोरगी बघत असते.” — असं म्हणाल्या हो काका, सासूबाई माझ्या. सासऱ्यांना. दबक्या आवाजात. मी दाराआड, हातात ट्रे, ट्रेमध्ये रसाचे चार ग्लास. नाही नाही, मला ऐकवायला नाही म्हणाल्या, तेच तर — ऐकवायला म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. तुम्ही उघडा ना ज्यूसर, मी आपली बोलतेय. जाळी फाटलीय, दिसेलच. चमचा पडला आत.

घरी मी इतकं बोलत नाही बरं का. ‘मुलगी शांत आहे’ असा शिक्का बसलाय, तो पुसायची हिंमत होत नाही. हे मशीन मावशीने लग्नात दिलेलं. नवी नवी घरात आले, तेव्हा सासूबाईंनी सहज विचारलं, काय काय येतं गं तुला करायला? आता काय येतं? चहा — तोही एक दिवस पाणचट, एक दिवस काढा. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खोक्यावर नजर गेली आणि मी म्हटलं, सकाळचा रस माझ्याकडे, आमच्याकडे रोज असतो. रोज! आमच्याकडे फळं धुवायच्या आधीच संपायची. पण एकदा बोलून बसले ना. मग काय, गाजर, बीट, सफरचंद आणि वरून संत्री. खोक्यावर चित्र होतं, अख्खं सफरचंद टुणकन आत पडतंय — मला वाटलं, अख्खं म्हणजे सगळंच अख्खं. संत्री धुवायची की टाकायची. सालीसकट, बियांसकट. — हसा, हसा. माहितीपुस्तक? ते अजून प्लॅस्टिकमध्येच आहे.

चव घेतली नाही का? — नाही हो. मला रस आवडतच नाही. चार ग्लास भरले की भांडं रिकामं आणि मी जाळीतला चोथा खरवडत उभी. त्यावर सासूबाई शेजारणीला सांगतात, ‘बघा, स्वतःला थेंबभर ठेवत नाही!’ आणि मी मान खाली घालून उभी. खोडून काढलं का? कशाला काढू, आयतं कौतुक मिळत होतं. तर त्या दिवशी ते वाक्य ऐकून आत गेले, ट्रे ठेवला. सासऱ्यांनी ग्लास घटाघटा रिकामा केला, मिशा पुसल्या, म्हणाले, ‘वा! तरतरी आली.’ नणंद म्हणाली, मस्त वहिनी. नवरा पेपरात तोंड खुपसून प्यायला. स्वयंपाकघरात येऊन मी एका ग्लासात उरलेला तळाचा घोट घेतला — कडूजहर, काका! जीभ टाळ्याला चिकटली. आणि हे चौघं रोज ते पीत होते, माझ्यासमोर, हसून.

नणंदेची भाजी करपली की सासूबाई कशा तुटून पडतात — ‘लक्ष कुठे होतं, आकाशात?’ तीही उलट बोलते, आणि जरा वेळाने दोघी एकाच वाटीतलं खात गप्पा मारतात. मला नाही कुणी बोलत. पाहुणीला कोण बोलणार?

काय? चमचा? पडला म्हटलं ना, हातातून. — हो, तोंड रुंद आहे, पण… बरं, दट्ट्याने दाबल्याशिवाय इतका खाली जात नाही, मान्य. असे बघू नका. दाबला. मशीन चालू असताना, दट्ट्याने, दोन्ही हातांनी दाबला, झालं समाधान? वाटलं, मशीनच गेलं की रस बंद, कुणी काही बोलायला नको, मी काही कबूल करायला नको. तर सासरे चपला घालून तयार! ‘सूनबाईच्या मावशीची भेट, अशी टाकून कशी द्यायची?’ आलेत ना दोघं, ते बघा बाहेर — सासरे गाडी लावतायत आणि सासूबाई ती कशी लावायची ते सांगतायत. म्हणून तर मी धावत पुढे आले. एवढंच सांगा त्यांना, जाळी मिळत नाही, मॉडेल जुनं झालं. — मिळते? मागच्या फळीवर आहे? — आत्ता बसवून देता? अहो, मग लपवा की ती!

शू. आले.

या बाबा. हो, मिळते म्हणतायत. हो आई, नवीकोरी. उद्यापासून? — नको… थांबा ना, काका, बसवू नका. बाबा, पाकीट आत ठेवा. चमचा पडला नव्हता, मी घातला. आणि संत्री मी कधी सोललीच नाहीत. आई, अशा हसू नका ना समजूतदारपणे — ताईंना ओरडता तसं मला ओरडा.