उलटी झाकणं

नाही हो ताई, चावत नाही तो, बसा खुशाल. मांजराची टोपली हवी तर त्याच्या नाकासमोर ठेवा — बघा, ढुंकूनही बघत नाही. पूर्वी असतं तर मुकादमाने अख्खा दवाखाना डोक्यावर घेतला असता. मुकादम हे नाव आमच्या ह्यांनी ठेवलेलं — मी केर काढतेय तर हा मागे, भांडी लावतेय तर हा मागे, कामावर लक्ष — म्हणून मुकादम. मग हे गेले, आणि ह्याने संध्याकाळी दारात बसून गळा काढायला सुरुवात केली. ह्यांची स्कूटर आम्ही पुढच्या गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनला दिली — तीच चूक झाली बघा — रोज संध्याकाळी आमच्या खिडकीखालून जाते, आवाज तोच, आणि हा आपला ह्यांची घरातली चप्पल तोंडात धरून दारात हजर. स्कूटर पुढे निघून गेली की रडायचं. कुत्रं रडताना ऐकलंयत कधी? नका ऐकू.

मी? मी नाही रडले. लेकीने मला लगेच डॉक्टरकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या. छान आहेत हो — काही दुखत नाही, खुपत नाही, जेवण जातं, झोप लागते — लोक म्हणतात, सावरली बाई. वरच्या वकिलीणबाईंनी कुत्र्याची तक्रार केली तेव्हा ह्याला इथे आणला, आणि गंमत ऐका, डॉक्टरांनी लिहून दिलं ते औषध माझंच! ताकद फक्त निम्मी, आणि ह्याने खावी म्हणून कलेजीचा वास. म्हटलं, माणसाची गोळी कुत्र्याला चालते? तर म्हणाले, अहो काकू, आधी उंदरांवर बघतात, मग माणसांना, मग ह्यांना. म्हणजे पहिला मान उंदराचा! त्याला म्हणे पाण्यात सोडतात, आणि हातपाय मारायचे कधी सोडतो ते बघत बसतात — गोळी खाल्लेला जास्त वेळ पोहतो. मी विचारलं, काठ सापडतो का हो त्याला? हसले. म्हणाले, काठ नसतोच, आपणच बाहेर काढायचं शेवटी.

ह्यालाही लागू पडली. स्कूटर जायची, कान हलायचा नाही. घरात आम्ही दोघं, दोघंही शहाणी. मग मागच्या आठवड्यात मी गोळ्यांच्या डब्या घासल्या — ह्यांच्या खिळ्यांच्या डब्या होत्या त्या, लाल झाकण कुत्र्याचं, पांढरं माझं — आणि झाकणं उलटी बसवली, एकाचं दुसऱ्याला. वास? आला ना. वाटलं, हाताला येत असेल — तेवढं लक्ष कुठे असतं आता. तर मी त्याची खातेय आणि तो माझी. तो पाण्याच्या भांड्यावर हनुवटी टेकून झोपायला लागला, आणि मी — ह्यात सांगण्यासारखं काही नाही खरं तर — मी भाजी निवडत होते, स्कूटरचा आवाज आला, आणि उठले. दार उघडल्यावर कळलं, हातात ह्यांची चप्पल आहे. स्कूटर गेली पुढे. मुकादम आतून बघत होता, उठला नाही — एरवी मी त्याच्याकडे बघायचे ना, तसा. आणि मग आवाज आला रडण्याचा. मलाही आधी वाटलं, हाच.

वकिलीणबाई जिन्यातूनच ओरडल्या — अहो, कुत्र्याला गोळी दिली नाहीत का आज? आणि मी काय म्हणाले असेन? म्हणाले, विसरले हो, देते. दार लावलं, तोंडात टॉवेल कोंबला. खरं सांगू का, वाईट वाटत होतं ना, ते बरं वाटत होतं. ते गेलेत हे मला तेव्हा कळलं.

बाईंनी लेकीला फोन केला. लेक म्हणाली, कुत्र्याचा डोस वाढवून आण, नाहीतर देऊन टाकू कुणाला. झाकणं? केली ना सरळ. आता माझी माझी घेते, म्हणून तर एवढं घडाघडा बोलता येतंय — बघा, डोळ्यांत टिपूस नाही. येताना ठरवलं होतं, डॉक्टरांना सांगायचं, रडतंय ते कुत्रं नव्हे. ह्याचं वाढवू नका, बिचाऱ्याचा काही दोष नाही. जमलं तर माझंच निम्मं करा. पण हे पडले जनावरांचे डॉक्टर, ते कसं करतील — आणि लेकीच्या कानावर गेलं तर माझंच वाढेल ना हो. — काय? आम्हालाच बोलावलं? ऊठ रे मुकादमा. ऊठ राजा, असं काय करतोस. — हो हो, आले. काय होतंय त्याला? रडतो हो. संध्याकाळचा रडतो.

तुम्ही नका बघू अशा माझ्याकडे, ताई. मांजर सांभाळा तुमचं.