विहारासाठी मोगऱ्याच्या मेणबत्त्या

आमच्या घरी एक नियम आहे आणि तो का आहे हे विचारायचं नसतं. विहाराच्या नावानं पेटवलेली मेणबत्ती विझवायची नाही. आता तुम्हीच सांगा, बुद्धपौर्णिमेसाठी काचेच्या ग्लासांत मोगऱ्याच्या मेणबत्त्या करायच्या, तर कोणती वात बरी हे पेटवून-विझवूनच कळणार ना? बारीक वात मेणात बुडून गेली. मधली नीट जळत होती. जाड वातीनं मात्र ग्लास इतका तापला की हात लावता येईना. मी फुंकायला वाकले, तर मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, ओरडले, "फुकू नको! जळू दे पुरी."

"ग्लास फुटंल, मोठेबाबा."

"काऊन फुटंल? आमी काय आजच मेणबत्त्या पाहून राह्यलो का?"

ग्लास फुटला. गरम मेण आईच्या पायावर सांडलं. तिचा पाय थंड पाण्यात ठेवून मी दमून खाली बसले, तर मोठेबाबांची बायको, मोठीआई, म्हणते, "तरी जाडच वात टाक बाई. उजेड मस्त पडते."

"नाही टाकणार. विहारात पुढं लेकरं बसतात. मी मधलीच टाकणार, आणि फुटक्या काचेत अजून जळतेय ती वात आता विझवणार."

मी फुंकर मारली. दोघंही आईच्या पायाकडे बघत राहिले.