चहा आणि बन, पाच-चाळीस

पुरवणी जबाब

नाव : पहिल्या जबाबात नोंदवल्याप्रमाणे. गल्लीत 'मशीनवाले काका' म्हणून ओळख.
वय : ६६ वर्षे.
धंदा : शिलाई मशीन दुरुस्ती.
राहणार : दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत. सध्या एकटा.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मागच्या महिन्याच्या १५ तारखेला मी याच ठाण्यात तक्रार दिली होती. माझ्या पत्नीचे परदेशात वापरायचे प्रीपेड कार्ड चोरीला गेले असून कोणी अनोळखी इसम त्यावर खर्च करत आहे, असे मी त्यात लिहून दिले. त्यानंतर या महिन्याच्या २ तारखेला मला बोलावून एक फोटो दाखवण्यात आला. ज्या चहाच्या दुकानात कार्ड वापरले गेले तिथल्या कॅमेऱ्यातला तो फोटो होता, बँकेने मागवून घेतलेला. यातल्या बाईला ओळखता का, असे तपास अधिकारी मॅडमनी विचारले. चेहरा नीट दिसत नाही, असे मी सांगितले. ते खोटे होते. चेहरा स्पष्ट दिसत होता. ती माझी मुलगी आहे.

मॅडमनी मला तेव्हाच समजावले होते की ओळख पटली नाही तर कागद तिकडच्या पोलिसांकडे जातील, आणि ओळख पटली पण परवानगी नव्हती असे निघाले तरी जातील. मुलगी तिकडे पाळणाघरात नोकरीला आहे. पोलिसांत नाव गेलेल्या बाईच्या हातात कोणी आपले मूल देत नाही, एवढे मला कळते. म्हणून आज आपण होऊन आलो आहे आणि पहिल्यापासून सांगतो. लिहून घेणारे हवालदार म्हणाले, "काका, मुद्द्याचं तेवढं सांगा." मी त्यांना म्हणालो की मशीन उघडल्याशिवाय दोरा कुठे अडकलाय ते कळत नाही, तेव्हा लिहा.

पाच महिन्यांपूर्वी मुलगी बाळंत झाली म्हणून माझी पत्नी तिकडे गेली. सहा महिने राहायचे ठरले होते. मला जाता आले नाही, कारण त्याआधी तीनच महिने माझ्या हृदयाचे ऑपरेशन झाले होते. शेवटच्या महिन्यात जाऊन तिला घेऊन यायचे, असे ठरवून मी माझा व्हिसा मात्र करून ठेवला होता. तिने आयुष्यात एकटीने गाव ओलांडले नव्हते. रोख रक्कम जवळ ठेवायला ती घाबरत होती, म्हणून बँकेतून हे कार्ड घेतले. बँकेतल्या बाईंनी सांगितले की एकाच कार्डात तीन चलनांचे तीन कप्पे आहेत. विमान बदलायला वाटेत सात तास थांबायचे होते त्या देशाचे एक, मुलीच्या देशाचे एक आणि अडीअडचणीला एक. जिथे असाल तिथल्या कप्प्यातून पैसे कापले जातात, संपले तर इथून पुन्हा भरता येतात. पत्नी म्हणाली, "अहो, मला एका पिशवीत किल्ली सापडत नाही, तीन कप्पे कुठले सांभाळू!" मी म्हणालो, "तुला काही सांभाळायचं नाही. कार्ड द्यायचं आणि चार आकडे दाबायचे." ते चार आकडे तिने चिठ्ठीवर लिहून चष्म्याच्या डबीत ठेवले. त्यावरून मी तिला बोललो होतो. खर्च झाला की मेसेज यावा म्हणून फोन नंबर माझा दिला, कारण तिचा तिकडे बदलणार होता.

वाटेतल्या विमानतळावर तिने एक चहा घेतला. माझ्या फोनवर मेसेज आला. तोवर मी दुकानात नुसता बसून होतो, एका मशीनला हात लागला नव्हता. मेसेज वाचला आणि जिवात जीव आला. पोहोचल्यावर फोनवर मी तिला सांगितले, तर तिला हसू आवरेना. "म्हणजे मी चहा प्यायले ते तुम्हाला तिथे कळलं?" मी हो म्हणालो. मग तीच म्हणाली, "तर मग असं करू. रोज दुपारी बाळ झोपलं की मी कोपऱ्यावरच्या दुकानात एक चहा घेईन. मेसेज आला की समजा, बायको धडधाकट आहे."

तिकडच्या दुपारी तीनला इकडे संध्याकाळचे साडेसात होतात. ती माझी दुकान आवरायची वेळ. रोज साडेसातला मेसेज येत असे. चहाचे तीन-वीस. आमचे फोनवर बोलणे रविवारी होई, पण ते मुलीच्या फोनवरून, जावयांच्या समोर आणि बाळाच्या रडण्यात. तब्येत कशी, पाऊस आहे का, एवढेच. नवरा-बायकोचे बोलणे त्या तीन-वीसमध्येच होत असे, असे म्हटले तरी चालेल.

एका रविवारी ती हळूच म्हणाली की त्या दुकानात मनुकांचा बन चांगला मिळतो, पण महाग आहे. मी म्हणालो, खा की. ती म्हणाली, "उगाच रोज कशाला? ज्या दिवशी मन आनंदात असेल त्या दिवशी खाईन. तुम्हालाही कळेल." बनचे दोन-वीस. म्हणजे पाच-चाळीसचा मेसेज आला की ती आनंदात आहे. हे आम्हा दोघांखेरीज कोणालाही माहीत नव्हते. मुलीलाही नाही. या वयात असले चाळे करतात म्हणून ती हसली असती.

हवालदारांनी विचारले की बन किती वेळा घेतला होता. साडेतीन महिन्यांत चौदा वेळा. बाळ पहिल्यांदा हसले त्या दिवशी. मी दोन मजले न थांबता चढलो असे सांगितले त्याच्या दुसऱ्या दिवशी. बाकीच्या वेळी का, ते विचारायचे राहून गेले.

मागच्या महिन्याच्या ४ तारखेला पाच-चाळीसचा मेसेज आला. मला बरे वाटले. ५ तारखेला पुन्हा पाच-चाळीस. ६ तारखेलाही. रविवारी फोन केला तर मुलगी म्हणाली, "बाबा, आईचा घसा बसलाय, बोलू नको म्हणालेत." मी म्हणालो, चला, तेवढीच तुझ्या कानांना विश्रांती. ती हसली नाही. सलग अकरा दिवस पाच-चाळीस आले. माझी बायको सलग अकरा दिवस आनंदात राहणारी बाई नव्हती. बेचाळीस वर्षांच्या संसारात ती कधी सलग तीन दिवस खूश राहिलेली मला आठवत नाही, चौथ्या दिवशी तिला कसली तरी काळजी सापडायचीच. शिवाय ती काटकसरी. तेव्हा माझी खात्री पटली की कार्ड दुसऱ्याच कोणाच्या हाती लागले आहे.

१४ तारखेला मेसेज आल्यावर लगेच मी मुलीला फोन केला. आई कुठे आहे, विचारले. झोपली आहे, म्हणाली. कार्ड तिच्या पर्समध्ये आहे का बघ, म्हणालो. "आहे बाबा," असे ती लगेच म्हणाली. न बघताच बोलते आहे हे मी ओळखले आणि तिच्यावर चिडलो. फोन ठेवून मी बँकेच्या नंबरावर कार्ड बंद करायला सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी इथे तक्रार दिली. आपण किती सावध, असे मला तेव्हा वाटले होते.

१५ तारखेच्या संध्याकाळी मेसेज येणार नव्हता, कारण कार्ड मीच बंद केले होते. तरी साडेसातला मी फोन हातात घेऊन बसलो होतो. १६ तारखेला सकाळी मुलीचा फोन आला. माझी पत्नी वारली होती.

४ तारखेला सकाळी ती न्हाणीघरात पडली होती आणि मेंदूत रक्तस्राव झाला होता. दोन दिवस शुद्धीवर होती, बोलत होती. तिसऱ्या दिवसापासून नव्हती. माझे ऑपरेशन झालेले म्हणून मला कळवले नाही. सुधारणा होईल असे डॉक्टर रोज सांगत होते, म्हणूनही कळवले नाही. आणि मला शंका येऊ नये म्हणून मुलगी रोज दुपारी रुग्णालयातून निघून त्या दुकानात जात होती आणि आईचे कार्ड वापरत होती. अकरा वेळा. एकूण एकोणसाठ-चाळीस. माझ्या तक्रारीत गैरवापर म्हणून लिहिलेली रक्कम ती हीच.

मी १६ तारखेलाच निघालो आणि १७ तारखेला पोहोचलो. व्हिसा तयार होता. ४ तारखेला कळवले असते तर ५ तारखेला मी तिच्या उशाशी असतो आणि ती माझ्याशी बोलली असती. हे मी कितीही वेळा सांगितले तरी त्यात बदल होत नाही.

तिकडे मी आठ दिवस होतो. नातीशी बोललो, जावयांशी बोललो. मुलीशी बोललो नाही. एकदाच बोललो. अंत्यविधीच्या दिवशी ती जवळ आली आणि म्हणाली, "बाबा, आईनेच सांगितलं होतं. तुम्हाला कळवू नको, म्हणाली. शपथ घातली. रोज चहा घेऊन ये, म्हणाली." मी म्हणालो, "मेलेल्या माणसाच्या नावावर खपवू नकोस. माझे अकरा दिवस तू चोरलेस." हे मी आजूबाजूला चार माणसे असताना बोललो. ती बाळाला घेऊन बाहेर जाऊन उभी राहिली.

परत आल्यावर तक्रार मागे घेणे माझ्या हातात होते. ते मनातही आले होते. मी घेतली नाही. कोणी विचारले नाही, पण मी सांगतो, रागाने घेतली नाही. कुठेतरी कागदावर तिने केलेल्या गोष्टीला चोरी म्हटलेले आहे, याचे मला बरे वाटत होते. त्याच रागाने मी २ तारखेला फोटो ओळखला नाही.

पण घरी गेल्यावर तो फोटो डोळ्यांपुढून हलेना. त्यात मुलगी काउंटरजवळच्या उंच टेबलाशी उभी आहे. अंगात आईचा स्वेटर आहे. पुढ्यात चहा आणि बशीत बन. बनला हात लावलेला नाही. माझ्या मुलीने लहानपणापासून मनुका खाल्लेल्या नाहीत. खिरीतल्यासुद्धा वेचून बशीच्या कडेला लावायची आणि आईचा मार खायची. तिला नुसते मला फसवायचे असते तर चहा पुरेसा होता. तीन-वीस आले असते तर मला अकरा दिवसच काय, महिनाभर शंका आली नसती. बन घ्यायचा, हे तिला कोणीतरी सांगितले असले पाहिजे. आणि ते सांगू शकेल असे माणूस एकच होते.

म्हणजे रुग्णालयातल्या खाटेवर, बोलता येत होते त्या दोन दिवसांत, माझ्या पत्नीने मुलीला सांगितले की नुसता चहा नको, रोज बनही घे. आपण आनंदात आहोत असे मला कळवायचे तिने ठरवले. मी त्यावर विश्वास ठेवला नाही आणि पोलिसांत आलो. मुलगी खरे बोलत होती.

मॅडमनी विचारले की याला पुरावा काय. माझ्याकडे एवढाच आहे. मेसेज फोनमध्ये जपून ठेवले आहेत, ते तपासता येतील. तरी माझे म्हणणे असे नोंदवावे की कार्ड चोरीला गेलेले नव्हते. कार्डाच्या मालकिणीने ते स्वतःच्या मुलीला स्वतः दिले, चार आकडेही दिले आणि काय घ्यायचे तेही सांगितले. मुलीने आईचे ऐकले, यापलीकडे तिने काही केलेले नाही. माझी तक्रार चुकीची होती व ती मी मागे घेत आहे. खोटे बोलल्याबद्दल जी कारवाई होईल ती माझ्यावर व्हावी.

आणखी काही सांगायचे आहे का, असे विचारल्यावरून सांगतो की, पत्नीचे कार्ड पुन्हा सुरू होत नाही, तसा नियम आहे, असे बँकेने मला कळवले. म्हणून या महिन्याच्या ६ तारखेला मी मुलीच्या नावाने नवीन कार्ड घेतले. त्यात तिकडच्या चलनात पैसे भरले आणि ते कुरिअरने पाठवले. मेसेजसाठी नंबर माझाच दिला आहे. सोबत चिठ्ठी लिहायला बसलो होतो, पण दोन ओळींच्या पुढे जमले नाही, तेव्हा नुसते कार्डच पाठवले. १२ तारखेला ते तिला मिळाले. घेतल्याची सही तिचीच आहे. आज १९ तारीख. त्यावर अजून काहीही खर्च झालेला नाही.

वर लिहिलेले सर्व हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवले, ते मी सांगितल्याप्रमाणेच आहे, त्यात माझ्यावर कोणाचा दबाव नाही, म्हणून खाली सही करत आहे. वाचून होईपर्यंत साडेसात वाजून गेले होते. मध्येच मी खिशातून फोन काढून पाहिला. हवालदार वाचायचे थांबले, मी फोन परत ठेवला आणि त्यांनी पुढे वाचले.