स्किडवरचा रंग

निमगाव साव्याची मंडळी, पावणं आणि रंगनाथच्या घरच्या सुमनवहिनी, सगळे आलात, बरं केलंत. रंगनाथ जाऊन आज दहा दिवस झाले. जिता व्हता तवा मात्र त्याच्या ओट्यावर कुणी फिरकत नव्हतं. राग मानू नका, मी पण त्यातलाच. आज बोलायला उभा राह्यलोय.

मी निरगुडसरचा हनुमंत. मुंबईच्या विमानतळावर आमी दोघं मेकॅनिक व्हतो. आमच्याकडं जुनी, लांबडी विमानं. उडताना नाक जास्त उचललं की शेपूट धावपट्टीला घासायचं. मागं वजन पडून बैलगाडी उलाळ व्हती ना, तसंच. म्हणून शेपटीखाली एक पोलादी पाय असतो, त्याला स्किड म्हणत्यात. घासायचं ते त्यानं घासायचं. त्याच्यावरचा रंग खरवडलेला दिसला की समजायचं, दणका बसलाय. मग विमान सोडायचं न्हाई, आतनं तपासायचं.

खंडेनवमी आली. आपल्याकडं औत धुत्यात, हत्यारं पुजत्यात. मी लई हौशी. विमान धुतलं, स्किडला नवा रंग फासला, वर हळदकुंकू वाह्यलं. ओरखडे मला दिसले व्हते. म्हणलं, जुने असतील. सणासुदीला कोण वाकून बघतंय?

रंगनाथ पाळीवर आला आन वाकला. रंग ओला व्हता. त्यानं चिंधीनं पुसला, खालचे ओरखडे बघितले आन विमान थांबवलं. आतली एक फासळी चिरली व्हती. त्यात माणसं बसायची व्हती, राव.

चौकशीत साहेबांनी विचारलं, रंग कुणी दिला? मी खाली बघत राह्यलो. रंगनाथ म्हणाला, "मीच दिला. नंतर ध्यानात आलं." बाहेर आल्यावर मला एवढंच म्हणाला, "तुझ्या घरात तान्हं पोर हाये. पण हनुमंता, इथनं पुढं वाकून बघत जा."

त्याची नोकरी गेली. तो गावी आला. तुमी त्याला पेंटर म्हणायला लागलात. विमान पाडायला निघालेला पेंटर. त्यानं पारावर बसणं सोडलं, लग्नकार्याला जाणं सोडलं. मला फोन करायचा. दरवेळी एकच विचारायचा, कधी येतोस? मी म्हणायचो, येतो की. लेण्याद्रीला दर चतुर्थीला जायचो. नारायणगावात निमगावची एसटी उभी दिसायची. चढलो न्हाई. वाटायचं, गेलो तर बोलावं लागंल.

वहिनी, तुमी पण त्याला कधीतरी विचारलं असंल, असं कसं केलंत म्हणून. त्यानं केलं न्हाई. रंग मी दिला. निमगावकरांनो, पेंटर म्हणायचं तर मला म्हणा. तुमच्यातला हा माणूस वाकून बघणारा व्हता.

आता उभे राहा. दोन मिनिटं त्याच्यासाठी गप्प राहा. मी लई वर्षं गप्प राह्यलो, पण ते त्याच्यासाठी नव्हतं.