परड्यातला करार

गारगोटीच्या एस.टी.साठी रांगेत उभ्या असलेल्या क्रांतीच्या पुढं दोन म्हातारे शेजारी एकच पेपर दोन्हीकडनं धरून उभे होते. तिचं मोबाइलमधलं लक्ष कधीच उडालं होतं.

"पिराजी, हे वाच. इंग्लंडासंगं करार झालाय. त्यांच्या मालावरची जकात आपण कमी करायची, आपल्या मालावरची त्यांनी."

"त्यानं काय हुतंय?"

"देणंघेणं वाढतंय. देणंघेणं वाढलं की दोस्ती वाढती."

"व्हय नेमिनाथ? मग आपल्या घरामागच्या परड्यात मधोमध भिंत कशापायी घालायलास?"

"तुझी म्हस माझी वैरण फस्त करती म्हणून!"

"आणि ती व्याली की खरवसाचं पातेलं पहिलं कुणाच्यात येतंय?"

"आमच्यात. पण आमच्यातनं कधी मोकळं परत आलंय? गूळ-शेंगा घालूनच धाडलंय की."

"आता भिंतीवरनं फेकायचं व्हय पातेलं?"

"तुझा तांबडा रस्सा सोडून काय बी फेक."

"रश्श्याचा वास भिंतीवरनं येणारच की! त्याला काय जकात लावणार?"

"लई बोलतोस. ही पिशवी धर जरा, तिकिटाचं पैसं काढतो."

"आयला, जड हाय की! काय भरलंयस?"

"बिजागऱ्या आणि कडी. भिंतीत फाटक बसवतोय."

"...कडी कुणाच्या बाजूला?"

"तुझ्या. म्हस तुझी, आवरायची तुझी तू."

गाडी लागली. रांग हलली.

"आण ती पिशवी इकडं."

"ऱ्हाऊ दे. माझी कडी हाय ह्यात."