खोड्याबाहेरची म्हैस

आमचं गाव दिग्रसजवळ, बाप कापसाच्या वावरात अन् मी लहानपनापासून ढोरायमागं, म्हनून डिप्लोमा केला अन् सरकारी ढोरायच्या दवाखान्यात लागलो. हुद्दा पशुधन पर्यवेक्षक, पन गावात सारे डॉक्टरच म्हन्तात, कोनाकोनाले समजावत बसू.

काय सांगू तुमाले, या नोकरीत जनावराच्या आधी मानूसच लंगडा होते. इंजेक्शन द्याचं, गाभन हाये का पाह्याचं, सारं काम मागच्या पायायजवळ, अन् बांधाले काय, तं कडुनिंबाचं झाड अन् मालकाचा दोर. मालक म्हन्ते, डॉक्टर, गरीब हाये ती, मारत नाई. अशाच एका गरीब म्हशीनं माहा गुडघा फोडला. बायको तवापासून म्हन्ते सोडा ही नोकरी, मी म्हन्तो सोडून खाऊ काय.

मंग आमच्या संघटनेच्या बैठकीत उभा राह्यलो, म्हटलं दवाखान्यासमोर खोडा पायजे, लोखंडी पाइपाचा, जनावर आत उभं केलं का त्याले लाथ मारता नाई आली पायजे. अध्यक्ष तिकडचे, पश्चिम महाराष्ट्रातले, मानूस चांगला, खोटं काहून बोलू, त्यायनं मुंबईच्या चकरा मारल्या, निवेदनं देल्ली, मंत्र्याले गाठलं, अन् जीआर निघाला. दवाखान्या-दवाखान्याले खोडा, अन् उपचार खोड्यातच, बाहेर मार लागला तं जबाबदारी कर्मचाऱ्याची. आमी पेढे वाटले.

खोडा आला, बसला, अन् पहिलीच म्हैस आली ते आमच्या इकडची नागपुरी, शिंगं ही एवढाली लांब, मागं वळून दोहीकडं पसरलेली. डोकं आत गेलं अन् शिंगं पाइपात अडकली, म्हैस बिथरली, अन् मालक शिव्या देते मले. माप काढलं होतं तिकडच्या जर्सी गाईवरून. इकडं म्हशी हायेत हे कोनाच्या ध्यानातच नाई.

अध्यक्षाले फोन केला तं म्हन्तात, भाऊ, लय मुश्किलीनं जीआर निघाला, आता आपनच खोट काढली तं पुराच मागं घेतील, दमानं घ्या. किती दमानं घेऊ. पांढरकवड्याकडच्या दवाखान्यातला आमचा जोडीदार, म्हशीनं बरगडी मोडली त्याची, झाडाखाली. ऑफिसनं इचारलं, खोडा होता ना, मंग बाहेर कायले गेलते. भरपाई नाई. खोडा नव्हता तवा निदान दवाखान्याचा खर्च तरी भेटे. डोकं भनकते माहं, पन राग काढू कोनावर, आमीच मागतलं अन् सरकारनं देल्लं.

आता मी काय करतो, म्हैस आली का दोर खोड्याच्या खांबाले बांधतो, बाहेरून. खांब मजबूत हाये, कडुनिंबापेक्षा बरा, तेवढा उपयोग झाला.

परवा संघटनेचा फोन आला, अधिवेशनात तुमचा सत्कार ठेवला हाये, खोड्याची मागनी तुमची होती म्हनून. बायको म्हन्ते जाऊ नका. मी जाईन, शाल घेईन, अन् माइक हातात आला का म्हशीचंच बोलीन, अध्यक्षाले वाईट वाटलं तं वाटलं. ऐकतीन का, मले नाई वाटत. तुमच्या घरची ढोरं खुशाल राहो, दुसरं काय म्हनू. थांबा, गुडघा धरून उठा लागते मले. खोड्यापाशी कोनाची तरी म्हैस आली, बांधून घेतो.